आबा कसे गेले

पिंपरी पेंढार,
ता. ११ जानेवारी १९९८

सावळेराम,

वर ‘चिरंजीव’ लिहून खोडलंय, ते तुला दिसत असेलच. धाकट्या भावाला तसं लिहायचं असतं म्हणून हात सवयीनं गेला. मग वाटलं, तेवीस वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याला कसला आशीर्वाद द्यायचा. नवा कागद घेणार होतो, पण कागद फुकट घालवायची सवय आपल्या घरात नाही. खोडलेलं तसंच राहू दे.

घाबरू नकोस, घरात कुणी गेलेलं नाही. समेट करावा असंही माझ्या मनात नाही. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती मला नव्हे, डॉक्टरांना पाहिजे आहे. तळेघरात तुझ्या भातगिरणीशेजारच्या दुकानात फोन आलाय असं आमचा गोरख म्हणाला. (गोरख म्हणजे तू गेलास तेव्हा तुझ्या खांद्यावरून खाली उतरत नव्हता तोच. आता त्याला मिशा आहेत.) पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवणार, आणि नाही ठेवलास तर दुकानातली गिऱ्हाइकं कान देऊन ऐकणार. म्हणून हे पत्र.

दसऱ्यापासून जेवलो की उजव्या बरगडीखाली कळ येते आणि पाठीत जाते. दोनदा इतकी आली की मी ओट्यावर गडाबडा लोळलो. नारायणगावात सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. सर्जन म्हणाले, पोट उघडून पिशवीच काढून टाकू. ठेवली तर एखाद दिवशी पिकेल आणि मग घाईनं कापावं लागेल, ते वाईट. मी म्हटलं, उद्याच काढा. तर म्हणाले, माझं काम सोपं आहे, आधी भुलीच्या डॉक्टरांनी तुम्हाला पास केलं पाहिजे.

पास म्हटल्यावर माझं डोकं सरळ बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलं. धापेचा बैल गिऱ्हाइकापुढं कसा उभा करायचा हे आबांनी आपल्या दोघांनाही शिकवलं, तुझं त्यात मन लागलं नाही ही गोष्ट वेगळी. दोन दिवस जुंपायचं नाही, गुळाचं पाणी पाजायचं, टेम्पोनं न्यायचं, सावलीत बांधायचं आणि गिऱ्हाईक त्याला चढावर चालवून बघायच्या आत सौदा उरकायचा. मी स्वतःला तसाच उभा केला. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. सकाळपासून बिडीला हात लावला नाही, बडीशेप चघळली, धुतलेला सदरा घातला. गोरखला म्हटलं, मोटारसायकल पार दवाखान्याच्या पायरीला लाव.

भुलीच्या डॉक्टर बाई निघाल्या. डॉक्टर औटी, मूळच्या राजुरीच्या, गोरखएवढ्याच असतील.

“जिना चढताना दम लागतो का?” त्यांनी विचारलं.

“आमच्या घराला जिनाच न्हाई, बाई.”

“मग चढण?”

“शिवनेरी चढतो की.”

शेवटचा कधी चढलो ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आबांचा नियम तुला ठाऊक आहे: विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि न विचारलेलं सांगायचं नाही. पुढं त्यांनी बिडीचं विचारलं. मी म्हटलं, सोडली. सकाळीच सोडली होती.

मग बाईंनी काडी पेटवून माझ्या तोंडापासून वीतभर लांब धरली आणि म्हणाल्या, “ओठ आवळायचे नाहीत. आ करून फुंका आणि विझवा.” तुला हसू येईल, पण काडी विझेना. बोटं भाजायला लागल्यावर त्यांनी ती स्वतःच झटकून विझवली आणि दुसरी पेटवली. तीही तशीच. मी लालबुंद झालो आणि मग जो खोकला सुटला तो आवरेना. शेजारी बसलेल्या तुझ्या वहिनीनं, चिमाबाईनं, पदर तोंडाला लावला. हसू लपवायला लावला का रडू, ते मी विचारलं नाही.

बाई म्हणाल्या, “काका, आमच्या आजोबांचेही बैल होते. घेतलेल्या बैलाची धाप गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळते. तुमची मला टेबलावर कळेल, तेव्हा मी कुणाकडे परत करू तुम्हाला?” बोलणं गोड, पण मी काय ते समजलो. पोट कापल्यावर माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साचतो, न्यूमोनिया होतो. आणि हृदय आधीच कमजोर असलं तर त्या ताणात तेही दगा देतं. किती धोका आहे हे आधी तोलायचं, मग हात लावायचा, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी विचारलं, “वडील कशानं गेले?”

मी म्हटलं, “वयानं.”

“किती वय होतं?”

“अठ्ठावन्न.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे जायचं वय नाही. अचानक गेले का, आधी छातीत दुखायचं का, जवळ कोण होतं? बापाला हृदयाचा त्रास असला तर मुलाचं सगळं गणित बदलतं म्हणे.

जवळ तू होतास. मी बाजारात होतो. विहिरीवर तू आबांशी मोट बंद करून विजेची मोटर बसवायची म्हणून वाद घालत होतास. तुझा आवाज शेजारच्या वावरात ऐकू गेला, आणि मी आलो तेव्हा आबांना अंगणात निजवलेलं होतं. दहाव्याला नदीवर सगळ्या भावकीदेखत मी म्हणालो, की तू भांडून बापाला मारलंस. ते मी आजही मागं घेत नाही. पण भांडणाच्या आधी त्यांना काही होत होतं का? चालताना थांबायचे का? घाम, हात जड होणं, असलं काही? एवढंच कार्डावर लिहून पाठव. भांडणाचं लिहू नकोस, ते मला पाठ आहे.

भगवंत

ता. क. तुझ्या घरी कुशाबाईंना नमस्कार लिहा असं चिमाबाई म्हणते, म्हणून लिहिला.


पिंपरी पेंढार,
ता. २८ जानेवारी १९९८

सावळेराम,

कार्ड आलं नाही. पोस्टमनला मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तो मला बघून रस्ता बदलून गेला. आपल्या घरातली कुरबूर त्यालाही कळली असेल.

परवा पुन्हा कळ आली. ताप चढला. सर्जननी सुया देऊन उतरवला आणि म्हणाले, असं दोनचारदा झालं तर मला वाट बघता येणार नाही. मी म्हटलं, मग बघू नका. ते म्हणाले, बाईंचं झाल्याशिवाय नाही. दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात आणि मी मधे पोट धरून बसतो.

मी गोरखला म्हटलं, दुसरा दवाखाना बघ, जिथं बापाची चौकशी करत नाहीत. असले दवाखाने असतात. गोरख तयार झाला होता. चिमाबाई आडवी आली. म्हणाली, “चौकशी न करता जावई केला न्हाई, बैल घेतला न्हाई, आन नवरा कापायला देऊ व्हय?” एवढं बोलून थांबली असती तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती गोरखच्या मागं बसून एकटीच औटीबाईंकडं गेली आणि सगळं सांगून आली. दिवसाला बिड्यांचा बंडल लागतो. रात्री दोन उशा घेऊन टेकून निजतो. विहिरीवरून घरी येईपर्यंत चिंचेखाली बसावं लागतं, आणि कुणी बघितलं तर चप्पल झटकायला बसलो असं दाखवतो. चपलेचं तिला कसं कळलं कुणास ठाऊक.

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनं तिसऱ्या दिवशी पिठलं केलं, तेलकट मला चालत नाही म्हणून बिनफोडणीचं. ते खाताना मला बोलावंच लागलं, कारण त्यात मीठ नव्हतं.

मी खरं लिहितो, मला भीती वाटते. कळेची नाही, कळ येते आणि जाते. टेबलावर झोपायचं आणि उठायचं का नाही हे दुसऱ्यानं ठरवायचं, याची वाटते. माझ्या आयुष्यात मी कुणाला सौद्यात असं फुकटचं पुढं जाऊ दिलेलं नाही.

उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस. पण देणार नाही असं तरी कळव, म्हणजे मी पोस्टमनचा नाद सोडीन.

भगवंत


पिंपरी पेंढार,
ता. १३ फेब्रुवारी १९९८

सावळेराम,

तू येऊन गेलास असं कळलं.

मुद्दाम सोमवार धरून आलास. सोमवारी मी बेल्ह्याला असणार आणि नारायणगावात तुझी माझी गाठ पडणार नाही, असा तुझा हिशोब. दिवाळीपासून माझा बाजार सुटलाय. त्या दिवशी मी घरीच ओट्यावर बसलो होतो. तळेघरहून घोडेगाव, मंचर करत तीन गाड्या बदलून तू नारायणगावात आलास आणि अर्ध्या तासावरचं घर सोडून तसाच परत गेलास.

मला आज बाईंनी बोलावलं. समोर बसवलं, चिमाबाईलाही बसायला सांगितलं. म्हणाल्या, “तुमचे भाऊ येऊन गेले. त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला सांगू का, असं मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, आता सांगा.”

तू जे सांगितलंस ते मी खाली लिहितो. मला नीट कळलंय का ते तू बघ.

आबांना जायच्या आधी दोन महिने छातीत आवळून यायचं. बैलांच्या मागं मोटेच्या उतारावरून जाऊन परत वर चढताना ते मधेच थांबायचे, बैलाच्या खांद्यावर हात टाकून उभे राहायचे, घामानं निथळायचे. डावा हात जड पडायचा. हे तू एकट्यानं पाहिलंस. त्यांनी तुझ्याकडून वचन घेतलं. म्हणाले, “भगवंताला कळू देऊ नको. दलालालाच धाप लागलीया असं बाजारात कळलं तर हातात हात कोन देईल?” तू वचन दिलंस. वचन दिलंस आणि मोटर बसवा म्हणून त्यांच्या मागं लागलास, कारण मोटर असती तर त्यांना चढावं लागलं नसतं. त्या दिवशी शेजारच्या वावरात जो तुझा आवाज गेला, त्यात तू ओरडत होतास, “आबा, बास करा, मोटेचा नाडा सोडा, खाली बसा.” लोकांना आवाज ऐकू आला. शब्द कुणाला ऐकू आले नाहीत.

मी बाईंना विचारलं, त्यानं हे तेव्हा का सांगितलं नाही? दहाव्याला का नाही? आबा गेल्यावर वचनाचं काय राहिलं होतं?

बाई म्हणाल्या, मीही हेच विचारलं. ते म्हणाले, “मला कुणी इचारलंच न्हाई. समद्यांनी सांगितलं.”

चिमाबाई खुर्चीतून उठून खिडकीशी गेली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुण्याला एका हृदयाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. म्हणाल्या, आता आंधळेपणानं जायचं नाही, आता काय शोधायचं ते माहीत आहे. माझ्या हृदयाची जी कार्डिओग्रामची पट्टी काढली होती, तिच्यावर त्यांना बारीकशी खूण आधीच दिसली होती. तू आला नसतास तर तिला फारसं महत्त्व दिलं नसतं म्हणे.

घरी आल्यावर मला पहिल्यांदा तुझा राग आला. इतकी वर्षं एवढं पोटात ठेवून तिकडं भात सडत बसलास, मला खोटं ठरवायची एक संधी घेतली नाहीस, हा कसला माणूस! नंतर आबांचा आला. मग मी रडलो. गोठ्यात गेलो होतो, पण तिथं गोरख धार काढत होता, म्हणून त्याच्यादेखतच रडलो. त्यानं बादली बाजूला सारली आणि मला बसायला पोतं अंथरलं.

पुण्याला पुढच्या आठवड्यात जातो.

भगवंत


पिंपरी पेंढार,
ता. १९ एप्रिल १९९८

चि. सावळेराम,

पुण्यात सरकत्या पट्ट्यावर चालवलं. छातीला वायरी लावतात आणि पट्टा हळूहळू चढा करतात. चढावर चालवून बघायची युक्ती बाजारातलीच, फक्त इथं गिऱ्हाईक पांढऱ्या कोटात. मला धाप लपवता आली नाही. निदान असं निघालं की हृदयाला रक्त थोडं कमी पडतं, पण ते लगेच कापायच्या लायकीचं नाही, गोळ्यांवर राहील. नाडी शांत ठेवायची गोळी सुरू आहे. छाती मात्र बिडीनं पुरती खाल्लेली. औटीबाई म्हणाल्या, दोन महिने बिडी बंद, एकसुद्धा नाही, मग तारीख.

बंद केली. पहिले पंधरा दिवस घरातली माणसं माझ्यापासून लांब बसत. चिमाबाईनं आपलं मिसरीचं डबडंसुद्धा उचलून माळ्यावर टाकलं, मला सोबत म्हणून. दोन दिवसांत ती ते परत उतरवून घेऊन आली. रोज सकाळ-संध्याकाळ सलाईनच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीत नळी घालून फुंकायचं, पाण्याला बुडबुडे आले पाहिजेत. गल्लीतली पोरं बघायला जमतात. परवा बाईंनी परत काडी पेटवली. पहिल्याच फुंकरीला विझली. मी लगेच दुसरी पेटवा म्हटलं, पहिली वाऱ्यानं विझली असं कुणी म्हणायला नको.

मग मी विचारलं, आता किती धोका? बाईंनी चिमाबाईकडं पाहिलं. आकडा तिच्यादेखत सांगावा का नाही याचा त्या विचार करत होत्या. मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, “बाई, तुमी माझ्या लेकीसारख्या. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत न्हाईत, कापडाखाली बोटं धरत्यात. शंभरातली किती माणसं अडचणीत येत्यात, तेवढी बोटं धरा.” त्या हसल्या. मग हसू थांबवून त्यांनी टॉवेलाखाली हात घातला आणि माझी पाचही बोटं धरली. जरा वेळ तशीच धरून ठेवली.

बाहेर आल्यावर चिमाबाई म्हणाली, “पाच म्हनाली ना?”

मी म्हटलं, “तुला कसं कळलं?”

“माझ्या बापाच्या दावनीलाबी बैल व्हते. खांदा बघून कळतंय.”

पाच म्हणजे पाच मरतात असं नाही. शंभरातल्या पाचांना हृदयाचा किंवा छातीचा मोठा त्रास होतो, त्यातले काही जातात. जानेवारीत उडी मारली असती तर दोन्ही हातांची बोटंही पुरली नसती, असं त्या म्हणाल्या. पिशवी तशीच ठेवण्यातही धोका आहे आणि तो दर महिन्याला वाढतो. पाचावर मी सौदा केला. सत्तावीस तारीख ठरली आहे.

अजून एक. गेल्या आठवड्यात भिमाजी काकांचा दहावा होता. तीच नदी, तोच घाट. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं संपल्यावर मी माईक मागितला. दम पुरला तेवढं बोललो: आबा हृदयानं गेले, सावळेराम त्यांना खाली बसा म्हणून ओरडत होता, आणि मी इथंच जे बोललो होतो ते खोटं होतं. वाटलं होतं, माणसं गलबला करतील. निम्म्या लोकांना ते आठवतच नव्हतं. एकानं गोरखला विचारलं, हा सावळेराम कोण? इतकी वर्षं ते भांडण आपण दोघांनीच सांभाळलं, बाकीची माणसं कधीच आपापल्या घरी गेली होती.

तू दवाखान्यात ये असं मी म्हणत नाही. तिथं बसायला बाकडी कमी आहेत.

तुझा,
भगवंत


पिंपरी पेंढार,
ता. १७ मे १९९८

चि. सावळेराम यास अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. मी उठलो. खडे बाटलीत घालून दिले आहेत, हरभऱ्याएवढे आहेत, चिमाबाई येईल त्याला दाखवते.

सरळ मात्र झालं नाही. तिसऱ्या दिवशी ताप आला, श्वास वरवर व्हायला लागला. उजव्या बाजूला छाती खालून भरली होती. औटीबाई नारायणगावात ठरल्या वारीच येतात, पण या वेळी मंचरहून आधीच आल्या. ऑक्सिजन लावला, सुया बदलल्या आणि मला उठवून बसवलं. पोटाला उशी आवळून धरा आणि खोका, म्हणाल्या. टाके तुटतील असं वाटतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, पण खोकायचं. मी नको म्हटलं की चिमाबाई उशी दाबून धरायची आणि म्हणायची, “खोका. तेवीस वर्सं गप ऱ्हाऊन काय मिळालं या घराला? खोका.” हे तिनं नर्ससमोर म्हटलं. मी खोकलो. पाचव्या दिवशी बाई म्हणाल्या, आता तुम्ही त्या पाचांतून निघालात.

हे तुला गोरखनं फोनवर कळवलंच आहे. तू फोन घेतलास आणि ठेवला नाहीस, हेही मला कळलं.

काल टाके दाखवायला गेलो होतो. बाईंनी छाती तपासली, ठीक आहे म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “तुमचे भाऊ परत आले नाहीत?”

मी म्हटलं, परत कशाला?

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या सोमवारी बाई खालच्या तपासणीच्या खोलीत नव्हत्या, तू त्यांना शोधत वरच्या मजल्यावर आलास तेव्हा दारात उभा राहून तुला बोलता येत नव्हतं. नर्सनं पाहिलं, जिन्यात तू दोनदा कठडा धरून थांबला होतास. बाईंनी तुला लगेच पट्टी काढू म्हटलं. तू म्हणालास, “मी भावाच्या कामाला आलोय, माझ्या न्हाई.” शेवटची गाडी चुकेल म्हणून उठलास आणि पुढच्या सोमवारी येतो असं सांगून गेलास. तीन महिने झाले. त्यांनी तुझ्या पत्त्यावर कार्डही टाकलं होतं.

बाई म्हणाल्या, “काका, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. वडील दोघांचेच ना?”

वडील दोघांचे, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. चार महिने सगळे माझी छाती ठोकून बघत होते आणि मीही तीच बघत होतो. आबांचं सांगायला तू ज्या जिन्यानं वर गेलास, तो जिना चढताना तुला काय होत होतं, हे त्यांना कळलं, नर्सला कळलं, आणि माझ्यापर्यंत यायला मे उजाडला.

कुशाबाईंना मी फोन केला. दुकानात गिऱ्हाइकं होती, ऐकू देत. त्या म्हणाल्या, “पोती उचलायची सोडलीत त्यांनी. इचारलं तर पाठ भरलीया म्हनत्यात.” मग त्या रडायला लागल्या, आणि दुकानदारानं फोन घेऊन सगळं बरं आहे असं मला सांगितलं.

मंगळवारी सकाळी जीप येईल. गोरख चालवेल. मला अजून महिनाभर गाडीचे धक्के चालत नाहीत असं बाई म्हणाल्या, तरी मी पुढं बसून येणार आहे. पाठीला दोन उशा घेतल्यात. चिमाबाई मागं बसेल. तू माझ्या शब्दाला जीपमध्ये बसणार नाहीस हे मी धरून चाललोय, पण तिच्या शब्दाला तू लहानपणापासून नाही म्हटलेलं नाहीस. नारायणगावात पट्टी काढायची. लागलं तर पुण्याला जायचं, त्या पट्ट्यावर चालायचं. गिरणी दोन दिवस बंद ठेव, भात कुठं पळून जात नाही. गोळ्या लागल्या तर गोळ्या, ऑपरेशन लागलं तर ते. उशी धरायला मी बसेन.

तू माझ्यावर रागावला असशील तर जीपमध्ये बसून रागाव. घरी परत सोडल्यावर पुन्हा तेवीस वर्षं बोलू नकोस, चालेल मला. आबांचं मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी बाजारात बैल बघत उभा होतो. तुझं मला कालपासून ठाऊक आहे.

तुझा मोठा भाऊ,
भगवंत